पोस्टात नवीन लागलात? कुठला प्रश्न कुठल्या टेबलावर न्यायचा ते आधी समजून घ्या

पोस्टात रुजू झालात की पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी चहाला बोलावतं. गाव कुठलं, घरी कोण कोण, अशी विचारपूस होते आणि मग खिशातून घडी घातलेला फॉर्म निघतो. ‘इथं सही कर.’ दोन दिवसांनी दुसरं कुणीतरी दुसरा चहा पाजतं, फॉर्मही दुसरा. मी पोस्टल असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा ज्यांचा चहा आधी झाला त्यांच्या फॉर्मवर सही करून मोकळा झालो. आपण कुठल्या संघटनेत गेलो हे पगाराच्या स्लिपवर वर्गणीची ओळ दिसली तेव्हा कळलं. पुढे बरीच वर्षं शाखेचं चिटणीसपद माझ्याकडेच होतं, आणि तेव्हा नव्या मुलामुलींना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. कारखान्यात युनियन आणि मालक बसतात, तीन-चार वर्षांचा करार होतो, त्यावर सह्या होतात. तसा करार आपल्याकडे नसतो. अमेरिकेतल्या टपाल कर्मचाऱ्यांना तो हक्क आहे. १९७० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कपासून पेटलेल्या बेकायदा संपानंतर, ज्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टपाल हाताळायला सैनिक पाठवले होते, त्याच वर्षी कायदा झाला आणि तिथल्या संघटना पगाराचा करार करू लागल्या. संप करायची मनाई मात्र तिथेही कायम राहिली. आपण केंद्र सरकारचे कर्मचारी. आपला पगार वेतन आयोग सुचवतो, मंत्रिमंडळ ठरवतं, आणि नोकरीच्या अटी नियमांतून येतात. म्हणून वाटाघाटी नसतातच असं नाही. त्या होतात, पण तुकड्यातुकड्याने आणि वेगवेगळ्या टेबलांवर. नवा माणूस बरोबर प्रश्न चुकीच्या टेबलावर नेतो, तिथून तो परत येतो, आणि मग ‘युनियन काही करत नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो.

पहिली पायरी: आपला वर्ग ओळखा

संघटना वर्गवार आहेत. पोस्टल असिस्टंट आणि इतर ग्रुप सी कारकुनी कर्मचारी ते पी-थ्री. पोस्टमन आणि एमटीएस, म्हणजे मल्टी-टास्किंग स्टाफ, ते पी-फोर. आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, त्याच धर्तीवर आर-थ्री, आर-फोर. प्रशासकीय कार्यालयं, पोस्टल अकाउंट्स यांच्या वेगळ्या, आणि ग्रामीण डाक सेवकांच्या वेगळ्या. या वर्गवार संघटना एखाद्या महासंघाला जोडलेल्या असतात. एनएफपीई आणि एफएनपीओ ही दोन नावं तुमच्या कानावर सगळ्यात आधी पडतील, भारतीय मजदूर संघाच्या विचाराचा महासंघही आहे. टपाल आणि तार ही खाती १९८५ मध्ये वेगळी झाली, त्याआधी १९५४ पासून दोन्ही खात्यांचा मिळून एनएफपीटीई नावाचा मोठा महासंघ होता. जुने लोक बोलताना अजून ‘पी अँड टी’ म्हणतात ते त्यामुळे.

रचना खालून वर जाते: शाखा किंवा विभाग, मग सर्कल, मग दिल्लीचं केंद्रीय कार्यालय, ज्याला सगळे ‘सीएचक्यू’ म्हणतात. आपलं सर्कल महाराष्ट्राचं, त्यात गोवाही येतो. पणजीला रीजनचं, म्हणजे विभाग आणि सर्कल यांच्या मधल्या पायरीचं कार्यालय आहे, सर्कलचं मुख्यालय मुंबईत. ही उतरंड पाठ करून ठेवा, कारण सरकारची उतरंडही तशीच आहे आणि प्रत्येक पायरीवर समोरासमोर एकेक खुर्ची मांडलेली आहे.

दुसरी पायरी: फॉर्मवर सही करण्याआधी

वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते, याला ‘चेक-ऑफ’ म्हणतात. तुमचा फॉर्म डीडीओकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. सदस्यसंख्या मोजायचं सरकारमान्य मापही हेच. पावती फाडून घेतलेले सदस्य तिथे धरत नाहीत. १९९३ चे मान्यता नियम, म्हणजे ज्यांना ऑफिसात ‘आरएसए रूल्स’ म्हणतात, ते सांगतात की मान्यतेसाठी त्या वर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी सदस्य हवेत. एकाच संघटनेने ३५ टक्के ओलांडले असतील तर दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्क्यांवरही मान्यता मिळू शकते. म्हणून पडताळणीचं वर्ष आलं की चहाचं प्रमाण वाढतं!

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. मान्यता आज आहे का? विभागातल्या बैठकीत बसायला यांना बोलावतात का? शाखेची शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली? तिसऱ्या प्रश्नाला ‘होईल लवकरच’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि सही पुढच्या आठवड्यावर ढकला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर झेंड्याच्या रंगापेक्षा तुमच्या विभागाचा चिटणीस फोन उचलतो का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मान्यता नसलेल्या संघटनेत राहिलं तर नोकरी जाते का, हा प्रश्न हमखास येतो. नाही जात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोष विरुद्ध जोसेफ या खटल्यात, मान्यता नसलेल्या संघटनेत राहायला बंदी घालणारा नियम घटनाबाह्य ठरवला. हे जोसेफ मुंबईतल्या लेखापरीक्षण खात्यातले कर्मचारी आणि तिथल्या संघटनेचे सचिव होते. म्हणजे संघटना करण्याचा हक्क तुम्हाला घटनेने दिलेला आहे, मान्यता देण्याचा अधिकार मात्र सरकारचा. मान्यता गेली की बैठकीची खुर्ची जाते, पत्राला उत्तर मिळणं थांबतं, पदाधिकाऱ्यांना मिळणारी विशेष रजा थांबते. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने एनएफपीई आणि तिच्या पी-थ्री संघटनेची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनाला आणि राजकीय पक्षाला पैसे दिले, हा ठपका होता. रकमा हजारांतल्या होत्या. पण नियमात राजकीय निधीला जागाच नाही, आणि शाखेच्या खजिनदाराने ही गोष्ट भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी आहे.

तिसरी पायरी: स्थानिक बैठकीसाठी विषय लिहायला शिका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के कामं इथेच होतात किंवा अडतात.

मान्यताप्राप्त संघटनेला विभागाच्या अधीक्षकांबरोबर महिन्याची बैठक मिळते, रीजनच्या पोस्टमास्टर जनरलबरोबर दर दोन महिन्यांनी आणि सर्कल प्रमुखांबरोबर दर चार महिन्यांनी. बोलण्यात ‘मंथली’, ‘बाय-मंथली’, ‘फोर-मंथली’. विषय आधी लेखी द्यावे लागतात, ऐनवेळी तोंडी काढलेला विषय ‘बघू’ या एका शब्दात संपतो.

चिटणीस झाल्यावर पहिल्या बैठकीसाठी मी नऊ विषय दिले होते. त्यातले पाच चर्चेआधीच खोडले गेले. खूप राग आला. घरी येऊन नियम काढून वाचले तेव्हा लक्षात आलं, चूक माझीच होती. पाचही विषय एकेका माणसाचे होते: याची बदली, तिची रजा, त्याचं मेडिकल बिल. आरएसए नियमांत स्पष्ट लिहिलंय की संघटनेने एकट्या कर्मचाऱ्याच्या सेवेचं प्रकरण मांडायचं नाही, सगळ्यांचा मिळून असलेला प्रश्नच मांडायचा.

मग उपाय काय? एकाचं मेडिकल बिल सहा महिने अडकलं असेल तर शोधा, विभागात अजून किती जणांची अडकली आहेत. चार सापडली तर विषय असा होतो: ‘विभागातली वैद्यकीय बिलं मंजूर होण्यास लागणारा विलंब’, आणि खाली बिल सादर केल्याच्या तारखांचा तक्ता. तेच काम, पण आता खोडता येत नाही.

‘अमुक उपडाकघरात स्टाफ कमी असल्याने कर्मचाऱ्यांना अतोनात त्रास होत आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते छापून मिळत असावं. याला अधीक्षकांचं उत्तरही छापील असतं: ‘उपलब्ध मनुष्यबळात व्यवस्था करण्यात येत आहे.’ त्याऐवजी असं लिहा: मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांत काउंटरवर एकच माणूस असे किती दिवस गेले, रोजचे सरासरी व्यवहार किती, घरी जायला सरासरी किती वाजले. आणि मग मागणी, एकच: पद भरेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस शेजारच्या ऑफिसातून डेप्युटेशन. आकडे मांडले की समोरच्यालाही वर पत्र लिहायला आधार मिळतो. हे नवे लोक विसरतात. पुष्कळदा अधीक्षकांनाही ते पद हवंच असतं, त्यांना रीजनकडे पाठवायला कागद हवा असतो.

पोस्टमनच्या बीटचं, म्हणजे त्याच्या रोजच्या वाटपाच्या भागाचं तसंच. दोन बीट एकत्र केल्या म्हणून ओरडण्याआधी आठवडाभर मोजा: किती टपाल, त्यात रजिस्टर आणि स्पीड पोस्ट किती, पार्सल किती, किलोमीटर किती, किती परत आणावं लागलं. बीटवर रोज जाणाऱ्या माणसालाच हे मोजायला सांगा. त्याच्या वहीतलं पान बैठकीत चालतं, चिटणीसाचं भाषण चालत नाही.

बैठकीला दोघं जा, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. इतिवृत्त आलं की आपल्या वहीशी ताडून बघा. ‘मागणी तपासून निर्णय घेण्यात येईल’ असं लिहून आलं आणि बैठकीत ‘पंधरा दिवसांत’ असं कबूल झालं असेल, तर लगेच लेखी कळवा. विषय बंद झाला असं त्यात लिहिलं असेल आणि काम झालेलं नसेल, तर पुढच्या वेळी तोच विषय मागच्या क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा द्या. विभागात दोनदा अडकला की तो रीजनच्या यादीत घाला, तिथून सर्कलच्या. थेट सर्कलला उडी मारली तर तो कागद ‘विभागस्तरावर मांडावा’ असा शेरा घेऊन खाली येतो, आणि मधले चार महिने वाया जातात.

चौथी पायरी: स्वतःचं प्रकरण स्वतःच्या सहीने

बदली, ज्येष्ठता, वसुली, मेमो ही तुमची स्वतःची प्रकरणं. संघटना मागे उभी राहते, मसुदा करून देते, पण कागदावर सही तुमची आणि कागद योग्य मार्गाने, म्हणजे तुमच्या वरिष्ठांमार्फतच जाणार. आमदार-खासदारांची चिठ्ठी आणू नका. वर्तणूक नियमांतला नियम २० बाहेरचा दबाव आणायला मनाई करतो, आणि ती चिठ्ठी तुमच्याच फाइलमध्ये लावून ठेवतात. गावाकडे जायची घाई झालेल्या नव्या मुलांना हे दहादा सांगावं लागतं. रूल ३८ खाली, म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून दुसरीकडे बदली मागण्याआधी ज्येष्ठतेवर काय परिणाम होतो ते विचारून घ्या. घर जवळ येतं पण यादीत खाली जावं लागतं.

शिक्षेचा आदेश आला तर अपील करायला ४५ दिवस असतात. आदेश हातात पडला ती तारीख पाकिटासकट जपा, पाकिटावरच्या शिक्क्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. मोठ्या शिक्षेची, म्हणजे नियम १४ ची चौकशी लागली तर तुम्हाला बचाव सहायक घेता येतो. तो सरकारी कर्मचारी किंवा निवृत्त कर्मचारी असू शकतो. संघटनेचा खरा उपयोग इथे होतो, कारण चौकशा लढवून तयार झालेली माणसं तिच्याकडेच असतात. कामावर असलेल्या सहायकाकडे एका वेळी तीनच प्रकरणं असू शकतात, त्यामुळे नाव लवकर पक्कं करा. आणि जबाबावर घाईत सही करू नका. ‘नुसतं लिहून दे, काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी पाणी प्या, मग चिटणीसाला फोन करा.

खात्यातले मार्ग संपले की केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’. आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. शेवटच्या आदेशापासून एक वर्षाची मुदत. अपिलाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि तिथून एक वर्ष. स्मरणपत्रं पाठवत राहिलं की मुदत वाढत जाते, अशी एक समजूत खात्यात घर करून आहे. वाढत नाही.

पाचवी पायरी: पगाराची बोलणी कुठे होतात

पगार, भत्ते, कामाचे तास हे तुमच्या विभागात सुटत नाहीत. त्यासाठी जेसीएम, म्हणजे संयुक्त सल्लागार यंत्रणा. ती १९६६ मध्ये सुरू झाली, ब्रिटनमधल्या व्हिटली कौन्सिलच्या धर्तीवर. सर्वांत वर राष्ट्रीय परिषद, अध्यक्ष कॅबिनेट सचिव. तिच्यात रेल्वे, संरक्षण, टपाल अशा सगळ्या खात्यांची ‘स्टाफ साइड’, म्हणजे कर्मचारी संघटनांचे प्रतिनिधी बसतात. खाली आपल्या खात्याची परिषद, अध्यक्ष टपाल सचिव. बैठकांमध्ये लांबलचक खंड पडतात ही स्टाफ साइडची जुनी तक्रार आहे.

एकमत झालं नाही तर तीनच बाबी लवादाकडे जाऊ शकतात: एखाद्या वर्गाचा पगार आणि भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि रजा. भरती, बढती, शिस्त यांवर फक्त तत्त्वापुरती चर्चा. लवादाचा निर्णय दोन्ही बाजूंना बंधनकारक, पण संसद तो बदलू किंवा फेटाळू शकते.

यंत्रणा नवी असतानाच तिची कसोटी लागली. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं एक माप ठरवलं होतं: तीन माणसांइतका खर्च, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडं, इंधन वगैरे. या ‘गरजेवर आधारित’ वेतनाचा प्रश्न लवादाकडे द्यायला सरकारने नकार दिला आणि १९ सप्टेंबर १९६८ ला देशभर एक दिवसाचा संप झाला. वटहुकूम, अटका, मान्यता रद्द, सगळं झालं. ते माप मात्र अजून टिकून आहे. सातव्या वेतन आयोगापुढे स्टाफ साइडने त्याच हिशेबाने २६,००० रुपये मागितले, आयोगाने त्याच मापाने आपला हिशेब करून १८,००० दिले. जुलै २०१६ मध्ये संपाची तारीख ठरली, मंत्र्यांनी आश्वासन दिलं, संप पुढे ढकलला गेला, आणि १८,००० चे १८,०००च राहिले. आश्वासन लेखी का घ्यायचं हे नव्या मुलांना समजावताना मी हीच गोष्ट सांगतो.

आठव्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. त्यांच्या आयोगाला नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. आयोगापुढे संघटना निवेदन देतात आणि त्यातल्या कामाच्या वर्णनाचा मजकूर खालूनच जातो. काउंटरवर आधार, विमा, बचत बँक, पार्सल अशी कोणकोणती कामं तुमच्या अंगावर आहेत याची टिपणं मागवली गेली तर कंटाळा करू नका.

ग्रामीण डाक सेवकांसाठी वेगळं

तुम्ही बीपीएम (शाखा पोस्टमास्तर), एबीपीएम (सहायक शाखा पोस्टमास्तर) किंवा डाक सेवक असाल तर वरचं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तुमची नोकरी २०२० च्या जीडीएस नियमांखाली. जेसीएम आणि वेतन आयोग तुमच्यासाठी नाहीत, तुमच्या मोबदल्यासाठी खातं वेगळी समिती नेमतं. मात्र १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पदं ‘नागरी पदं’ आहेत असं सांगितलं. त्यामुळे चौकशीशिवाय काढता येत नाही आणि कॅटचं दार तुम्हालाही उघडं आहे.

अशाच एका, कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी सरकारकडे पडून होत्या, तेव्हा २२ मे २०१८ पासून देशभरातले डाक सेवक संपावर गेले. खेड्यापाड्यांतली शाखा डाकघरं दोन आठवडे बंद. ६ जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि १ जुलैपासून चार तासांच्या बीपीएमला १२,०००, पाच तासांच्या बीपीएमला १४,५००, आणि इतरांना १०,००० व १२,००० अशी सुरुवात ठरली. हे तास कामाच्या मोजमापावर ठरतात. म्हणून तुमच्या शाखेचं काम वाढलं असेल तर खाती, मनीऑर्डर, पार्सल यांचे महिन्याचे आकडे स्वतःच्या वहीत ठेवा. मोजणीला माणूस येतो तेव्हा आठवून सांगितलेले आकडे धरत नाहीत.

संपाचं पत्रक आलं तर

भावनेच्या भरात उत्तर देऊ नका, आधी हिशेब करा. वर्तणूक नियमांतला नियम ७ संपाला मनाई करतो, आणि २००३ च्या रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही असं म्हटलं आहे. तरीही टपाल खात्यात संप झाले आहेत आणि होतात. एक दिवसाचा संप म्हणजे त्या दिवसाचा पगार जातो आणि बहुधा ‘डाइज-नॉन’ लागतो, म्हणजे तो दिवस सेवेत धरत नाहीत. त्या दिवसासाठी आजारपणाची रजा टाकायची युक्ती करू नका, ती कुणालाच फसवत नाही. खरी काळजी एफआर १७-ए ची, म्हणजे मूलभूत नियमांतल्या नियम १७-ए ची. सेवेत खंड धरला गेला तर एलटीसीवर (रजा प्रवास सवलतीवर) आणि खात्याच्या परीक्षेला बसण्याच्या पात्रतेवर गदा येते. तसा आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं मागवावं लागतं. ती नोटीस आली तर उत्तर न देता ठेवू नका, संघटनेकडून एकसारखा मसुदा येईपर्यंत मुदत मागून घ्या.

तुम्ही अजून प्रोबेशनवर असाल तर मी तुम्हाला संपावर जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही नाही. चिटणीसाला एवढंच विचारा की मागच्या संपात प्रोबेशनवरच्या किती जणांना नोटिसा आल्या आणि त्या कोणी निस्तरल्या. नावं आणि तारखा सांगता आल्या तर माणूस जाणता आहे.

आणि वार्षिक सभेला जा. दरवर्षी १ जुलैच्या आत संघटनेला पदाधिकाऱ्यांची यादी आणि लेखापरीक्षित हिशेब सरकारला द्यावे लागतात, म्हणजे सभा त्याआधी होते. तिथे हिशेबाचा कागद हातोहात फिरतो आणि बहुतेक जण न वाचता पुढे देतात. तुमच्या हातात आला की दोन मिनिटं थांबवून ठेवा.